घरचा शब्द, पेपरचा शब्द

घटक चाचणीचे पेपर तपासत होते. प्रश्न साधाच, दोन गुणांचा. शास्त्रीय कारण लिहा : उन्हाळ्यात मातीच्या माठातील पाणी गार होते. एका मुलीने दोनच ओळी लिहिल्या होत्या. ‘आमच्या माठातले पाणी एवढे गार होत नाही. सोलापूरला मावशीकडे होते.’ मी त्यावर लाल पेनाने काट मारली, शून्य घातलं, बाजूला ‘प्रश्न नीट वाच’ असं लिहिलं आणि पुढचा पेपर ओढला.

गोष्ट जुनी आहे. त्याच वर्षीच्या मे महिन्यात एका दुपारी घरी आले. अंगाला कपडे चिकटलेले, वारा पडलेला, झावळीसुद्धा हलत नव्हती. माठातलं पाणी तांब्यात घेतलं आणि तोंडाला लावल्यावर ती ओळ आठवली. पाणी तहान भागण्यापुरतं गार होतं, दातांना कळेल असं नव्हतं. त्या मुलीने खरं तेच लिहिलं होतं. माठाच्या बारीक छिद्रांतून पाणी झिरपतं, त्याची वाफ होते आणि वाफ होताना प्रत्येक ग्रॅममागे ५००हून जास्त कॅलरी उष्णता आतल्या पाण्यातून ओढली जाते. पण वाफ व्हायला हवेत जागा लागते. सोलापूरच्या कोरड्या हवेत ती भरपूर असते. आमच्या मालवणात समुद्रावरून येणारी हवा आधीच ओली, त्यामुळे माठ पाझरतो पण लवकर सुकत नाही, आणि पाणी गार व्हायचं ते अर्ध्यावर राहतं. सापेक्ष आर्द्रता म्हणतात ती हीच. दहावीच्या उष्णतेच्या धड्यात मी ती दर वर्षी फळ्यावर व्याख्येसकट लिहून देते. त्या मुलीने व्याख्या न लिहिता दोन गावांची तुलना करून ती दाखवली होती, आणि माझ्या हातात उत्तरसूची होती.

शाळा उघडल्यावर मी तिला बोलावून सांगितलं, की तुझं बरोबर होतं. ती नुसतं ‘हो बाई’ म्हणाली. तिला त्यात विशेष काही वाटलं नाही, कारण तिला ते आधीपासून ठाऊकच होतं. पुढच्या पेपरात मात्र तिने पुस्तकातलं उत्तर शब्दाला शब्द लिहिलं. त्या उत्तराला मी पूर्ण गुण दिले आणि देताना मला फार वाईट वाटलं. माझ्या शून्याने तिला काय शिकवलं ते मला त्या दिवशी कळलं.

मी मालवण तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत बावीस वर्षं विज्ञान शिकवते आहे. एका वर्गात चाळीसेक मुलं. काही किनाऱ्यावरच्या वाडीतली, ज्यांच्या घरी रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, आहे किंवा होडी आहे. काही वरच्या सड्याकडची, म्हणजे कातळपठारावरची, आंब्याच्या कलमांच्या बागांतली. एसटीत असणाऱ्यांची, दुकानदारांची, पर्यटकांसाठी खोल्या चालवणाऱ्यांची आहेत. गेली काही वर्षं बागा राखायला आलेल्या नेपाळी कुटुंबांतली मुलंही आहेत. ती घरी नेपाळी बोलतात, मैदानावर मालवणी बोलतात आणि पेपर प्रमाण मराठीत लिहितात. या सगळ्यांपुढे पुस्तक एकच, तास ३५ मिनिटांचा, आणि मार्चमध्ये बोर्डाचा पेपर तोच.

दहावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षं राज्यात पहिला येतो. त्याचा मला अभिमान आहे आणि त्यामागचे कष्ट मी जवळून पाहिले आहेत. पण उत्तीर्ण होणं आणि विज्ञान आपलंसं होणं यांच्यात मोठं अंतर आहे. विज्ञानात ४२ गुण घेऊन बाहेर पडलेली काही मुलं समुद्राबद्दल माझ्यापेक्षा जास्त जाणतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

त्यातला एक मला विसरता येत नाही. गुरुत्वाकर्षणाचा धडा चालू होता. चंद्राच्या ओढीमुळे भरती-ओहोटी होते, एवढं सांगून मी सूत्राकडे वळणार होते. शेवटच्या बाकावर हा मुलगा खिडकीतून बाहेर बघत बसलेला. त्याला गणितं येत नसत, वहीत उदाहरणांची पानं कोरी असत. मी जरा कडक आवाजातच विचारलं, ‘आज भरती किती वाजता?’ त्याने बाहेर बघतच सांगितलं, ‘आज सप्तमी. सवापाचाक.’

‘कशावरून?’

‘तिथीचो पाऊणपट, बाई. सात पावणे सवापाच.’

तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली, की साधारण पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. तीच वेळ पहाटे नाहीतर सकाळी, आणि तीच दुपारी नाहीतर संध्याकाळी. कोकणच्या किनाऱ्यावर हा हिशोब पिढ्यांपासून तोंडी चालत आला आहे. ज्याला मी ‘गणित येत नाही’ म्हणत होते, तो सातचा पाऊणपट माझ्याआधी करत होता.

त्या दिवशी सूत्र बाजूला राहिलं. पाऊणपट म्हणजे एका तिथीला पाऊण तास, ४५ मिनिटं. भरती रोज तेवढी उशिरा येते. का? मुलांनीच शोधलं. पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करते तोवर चंद्र आपल्या कक्षेत थोडा पुढे सरकलेला असतो, म्हणून त्याच्याखाली पुन्हा यायला पृथ्वीला सुमारे ५० मिनिटं जास्त फिरावं लागतं. मग सड्यावरच्या एका मुलीने विचारलं, की पौर्णिमेला आणि अमावास्येला भरतीची वेळ तीच असते, म्हणजे १५ तिथींत १२ तासांचं चक्र पुरं व्हायला हवं, तर तिथीला ४८ मिनिटं हवीत, मग ४५ का? वर्ग थांबला. तोच मुलगा म्हणाला, ‘अठ्ठेचाळीसचो हिशोब होडयेत बसून कोण करतलो?’ पाऊणपट तोंडी होतो म्हणून तो टिकला, आणि थोडी चूक होडीवाल्याला चालते. मापनातली त्रुटी किती चालेल हे कामावर ठरतं, ही गोष्ट मी प्रयोगवहीत कधी इतकी नीट समजावू शकले नव्हते.

मग उधाण आणि भांग. पौर्णिमा-अमावास्येला सूर्य, चंद्र, पृथ्वी एका रेषेत येतात, दोघांची ओढ एकत्र लागते आणि पाणी खूप चढतं, तेवढंच खाली जातं. अष्टमीच्या सुमारास दोघं काटकोनात असतात, पाण्याचा चढ-उतार कमी होतो, म्हणून भांग. किनाऱ्यावरची मुलं फळ्यापाशी येऊन बोलत होती आणि सड्यावरची वहीत लिहून घेत होती. इतके दिवस हे उलटं होतं.

तास संपल्यावर मी त्याला विचारलं, ‘एवढं येतं, मग पेपरात का लिहीत नाहीस?’ तो म्हणाला, ‘माका म्हायत आसा, बाई. पण ता लिवचा कसा ता गमणा नाय.’

नंतरची बरीच वर्षं मी या एका वाक्यावर काम केलं आहे.

त्याआधी मी एक चूक केली होती, तीही सांगायला हवी. एका प्रशिक्षणात स्तरनिहाय अध्यापन ऐकून आले होते. परत आल्यावर उत्साहाने वर्गाचे तीन गट पाडले, अ, ब, क. तिघांना वेगवेगळे स्वाध्याय. क गटाला गाळलेल्या जागा आणि जोड्या लावा, अ गटाला ‘विचार करा’ प्रकारचे प्रश्न. कागदावर ते फार नीट दिसत होतं. महिन्याभरात क गटातल्या एका मुलीने हात वर करणं सोडलं. मी विचारलं तेव्हा म्हणाली, ‘आमचे प्रश्न सोपे असतात ना बाई, मग उत्तर येऊन काय.’ गट पाडताना मी चाचणीचे गुण बघितले होते. म्हणजे जे लिहिता येत नव्हतं त्याची शिक्षा म्हणून विचार करण्याचा प्रश्नच काढून घेतला होता. मी त्याच आठवड्यात गट मोडले.

त्याच प्रशिक्षणात मुलांची विभागणी ‘बघून शिकणारी, ऐकून शिकणारी, करून शिकणारी’ अशीही सांगितली होती. कितीतरी वर्षं मी ते खरं मानत होते. नंतर वाचनात आलं, की २००८ साली हॅरॉल्ड पॅशलर आणि त्यांच्या सहकारी मानसशास्त्रज्ञांनी या विषयावरचं संशोधन एकत्र तपासलं आणि मुलाच्या शैलीप्रमाणे शिकवल्याने शिकणं सुधारतं याला पुरेसा आधार त्यांना मिळाला नाही. मला बरंच वाटलं. भिंगाची किरणाकृती सगळ्यांनाच काढायला लागते आणि आम्लाचा वास सगळ्यांनाच घ्यायला हवा. माझ्या वर्गातला खरा फरक डोळ्यांचा आणि कानांचा नाहीच. कोण कुठून काय जाणून आलंय आणि कोणाकडे कुठले शब्द आहेत, हा तो फरक आहे.

म्हणून आता मी प्रश्न सगळ्यांना एकच देते. अवघडच देते. आत शिरायची दारं वेगळी ठेवते.

उष्णतेचा धडा घ्या. प्रश्न असा : शून्य अंशाच्या पाण्यापेक्षा शून्य अंशाचा बर्फ जास्त थंडावा का देतो? किनाऱ्यावरच्या मुलांना मी विचारते, मासळीच्या पेटीत गार पाणी का नाही घालत, फोडलेला बर्फच का? त्यांना माहीत असतं, की बर्फ शिल्लक आहे तोवर बांगडा ताठ राहतो आणि नुसतं पाणी उरलं की धावपळ करायला लागते. सड्यावरच्या मुलांना विचारते, आइस्क्रीमवाला बर्फात मीठ का घालतो. नेपाळी मुलांपैकी एकाने सांगितलं होतं, की गावाकडे बर्फ पडताना जेवढी थंडी वाजत नाही तेवढी तो वितळताना वाजते. ते ऐकून सगळा वर्ग त्याच्याकडे वळून बसला, आणि मग मला फळ्याकडे वळायला वेळ लागला नाही.

फळ्यावर हिशोब सगळ्यांसाठी एक. ५ किलो बर्फ, शून्य अंशाला. नुसता वितळायला प्रत्येक ग्रॅमला ८० कॅलरी, म्हणजे एकूण ४०० किलोकॅलरी. वितळून झालेलं तेच ५ किलो पाणी शून्यापासून ५ अंशांपर्यंत तापायला किती? २५ किलोकॅलरी. ४०० आणि २५ हे आकडे शेजारी शेजारी लिहिले की मासळीची पेटी सगळ्यांना समजते. वितळताना तापमान वाढत नाही, ही लपलेली उष्णता म्हणजे अप्रकट उष्मा, हा शब्द मी सगळ्यात शेवटी देते. आधी दिला तर तो नुसता पाठ होतो.

मदतीच्या चिठ्ठ्याही असतात. प्रत्येक अवघड प्रश्नासोबत टेबलावर तीन घड्या केलेल्या चिठ्ठ्या. पहिलीत फक्त एक सूचना, दुसरीत सूत्र, तिसरीत पहिली पायरी सोडवून दिलेली. कोणती उघडायची, उघडायची की नाही, हे मूल ठरवतं. हुशार म्हणवणारी मुलंही कधी तिसरी चिठ्ठी घेऊन जातात आणि गणितात कोरी पानं ठेवणारा पहिलीवर भागवतो. गट रोज बदलतात, कारण धडा बदलला की जाणकारही बदलतो.

प्राण्यांचं वर्गीकरण शिकवताना जाणकार किनाऱ्यावरचा असतो. मी त्या तासाला बाजारातून जे मिळेल ते आणते. कुर्ली (खेकडा), चिंगूळ (कोळंबी), तिसऱ्या (शिंपले), माकूल (स्क्विड), कधी छोटीशी मोरी (शार्क). कुर्ली आणि चिंगूळ एका ढिगात का? पायांना सांधे आहेत, वरचं कवच कडक. संधिपाद. तिसरी आणि माकूल एका ढिगात? इथे भांडण होतं, कारण तिसरीला शिंपला आहे आणि माकूल लिबलिबीत. मग एक मुलगी माकूल कापून आतली पारदर्शक पट्टी काढून दाखवते. ‘ह्यां बगा, कवच भितुर आसा.’ मृदुकाय. आणि मोरीबद्दल पुस्तकात लिहिलेलं ‘कास्थिमय अंतःकंकाल’ मला शिकवायलाच लागत नाही. मोरीचा काटा चावून खाता येतो आणि बांगड्याचा घशात अडकतो, हे ज्याला माहीत आहे त्याला कास्थी आणि अस्थी कळलेल्या असतात.

आनुवंशिकतेला मात्र सड्यावरची मुलं पुढे येतात. मेंडेलने वाटाणा घेतला, आणि आमच्याकडे वाटाणा फक्त उसळीत दिसतो. मी विचारते, हापूसची बाठ पेरली तर हापूस येतो का? बागेतली मुलं लगेच नाही म्हणतात. बाठीपासून रायवळ येतो, कसा येईल सांगता येत नाही. हापूस हवा तर कलमच. कलम म्हणजे त्याच झाडाची फांदी, तीच गुणसूत्रं. बाठीत दोन झाडांचे गुण मिसळलेले असतात. तिथून मी ‘रत्ना’कडे जाते. कोकण कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूस यांचा संकर करून ही जात १९८१ साली दिली. दक्षिणेचा नीलम दर वर्षी फळतो, हापूस एक वर्षाआड फळतो आणि त्यात साका होतो, म्हणजे गर आतून खराब होतो. पुढे रत्ना आणि हापूस यांच्या संकरातून पातळ बाठीचा ‘सिंधू’ आला, १९९२ साली. मेंडेलने आंबा का नाही घेतला, असं मी एकदा विचारलं. एका बागायतदाराच्या मुलाने सांगितलं, ‘फळ धराक सात-आठ वर्षां रवाक लागली असती, तीपण एकाच पिढयेक.’ प्रयोगासाठी सजीव कसा निवडावा, यावर याहून चांगलं उत्तर मी कुठल्या मार्गदर्शकात वाचलेलं नाही.

हे सगळं वर्गात होतं. पण माहीत असलेलं लिहायचं कसं, हा त्या मुलाचा प्रश्न इथे सुटत नाही.

बराच काळ मी परीक्षेचं तंत्र शिकवणं हलकं काम मानत होते. ते क्लासवाल्यांनी करावं, आपण विज्ञान शिकवावं, असं मला वाटायचं. आता मला ते मान्य नाही. शहरातल्या मुलाला पेपर कसा लिहायचा हे घरी, क्लासात, मोठ्या भावंडांकडून कळतं. ज्याच्या घरात दहावीचा पेपर लिहिणारा तो पहिलाच आहे, त्याला ते कोण सांगणार? मी सांगितलं नाही, तर त्याचं ज्ञान खिडकीबाहेर बघतच राहणार. म्हणून हे काम मी मनापासून करते.

सुरुवात वहीच्या मागच्या पानापासून होते. उभी रेघ मारून दोन रकाने. डावीकडे घरचा शब्द, उजवीकडे पेपरचा शब्द. जंग – क्षरण. कुर्ली – खेकडा, संघ संधिपाद. ‘हवा ओली’ – सापेक्ष आर्द्रता जास्त. ‘पत्र्याक जस्त मारला’ – गॅल्व्हनायझिंग. होडीच्या खाली लोखंडाला लावलेला जस्ताचा ठोकळा – जास्त अभिक्रियाशील धातू आधी क्षरण पावतो. डावा रकाना आधी भरायचा, हा नियम. घरचा शब्द खोडून पेपरचा लिहायचा नाही, दोन्ही शेजारी राहतात. वर्षअखेरीला काही मुलांची अशी सात-आठ पानं होतात, आणि दर वर्षी त्यांतून मीच काही नवे शब्द शिकते.

मग उत्तराची बांधणी. विज्ञानाचे दोन पेपर असतात, प्रत्येकी ४० गुणांचे, प्रत्येकी दोन तास. म्हणजे एका गुणाला तीन मिनिटं. तीन गुणांच्या प्रश्नाला नऊ मिनिटांच्या वर बसायचं नाही. हा हिशोब मुलं पहिल्या सराव पेपरात हसण्यावारी नेतात आणि दुसऱ्यात गंभीरपणे घेतात, कारण पहिल्यात पाच गुणांच्या शेवटच्या प्रश्नाला कुणाकडेच वेळ उरलेला नसतो. शास्त्रीय कारणाला दोन गुण, म्हणून निदान तीन वाक्यं : कोणता गुणधर्म, त्यामुळे काय घडतं, आणि प्रश्नात विचारलेल्या गोष्टीशी त्याचा संबंध. शेवटचं वाक्य ‘म्हणून’ने सुरू करायचं. या एका ‘म्हणून’ने मी अनेक मुलांचे गुण वाढलेले पाहिले आहेत, कारण पहिली दोन वाक्यं ती लिहितातच, पण तिसरं मनात ठेवतात. त्यांना वाटतं, बाईंना कळलंच असेल.

उदाहरणात दिलेल्या किमती आधी लिहून काढायच्या, मग सूत्र, मग किमती घालायच्या, मग एककासह उत्तर. उत्तर चुकलं तरी पायऱ्यांचे गुण मिळतात, हे पुष्कळ मुलांना खरंच माहीत नसतं. उत्तर येत नाही म्हणून ती सगळं खोडून टाकतात. खोडलेलं मी रागाने नाही, पण फार हळहळून वाचते, कारण त्यात बऱ्याचदा दोन पायऱ्या बरोबर असतात. नेपाळी मुलांना मी आवर्जून सांगते, जिथे आकृती चालते तिथे आधी आकृती. हृदयाची किंवा किरणाकृतीची नावं नीट दिली, बाण योग्य दिशेला काढले, की अर्धं उत्तर बोलून होतं, आणि मग मराठीची दोन वाक्यं पुरतात. त्यातल्या एका मुलीच्या आकृत्या मी अजून जपून ठेवल्या आहेत.

पाठांतराबद्दल मला थोडं वेगळं सांगायचं आहे. मुलं धडा परत परत वाचतात. पिवळ्या, गुलाबी रंगाने ओळी रंगवतात आणि आलं म्हणतात. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांचा २००६ सालचा एक प्रयोग आहे. काहींनी उतारा चार वेळा वाचला. काहींनी एकदाच वाचला आणि तीन वेळा, न बघता, आठवून लिहिला. पाचच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं, तेव्हा वाचणाऱ्यांच्या लक्षात सुमारे ४० टक्के राहिलं होतं आणि आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात सुमारे ६१ टक्के. हे वाचल्यापासून माझ्या तासाची पहिली पाच मिनिटं कोऱ्या कागदाची असतात. काल काय झालं, पुस्तक मिटून लिहा. त्या कागदाला गुण नाहीत, मी ते गोळाही करत नाही. मुलं स्वतः पुस्तक उघडून काय सुटलं ते बघतात. सुरुवातीला याचा सगळ्यांना त्रास होतो, हुशार मुलांना जास्त, कारण वाचताना सगळं येतंय असं वाटत असतं.

आणि थांबणं. हे मी सगळ्यात उशिरा शिकले. मेरी बड रो या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बाईंनी १९७०च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांतली संभाषणं तपासली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात आणि मग दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतःच सांगून टाकतात. तीनेक सेकंद थांबलं तर उत्तरं लांब येतात, ‘माहीत नाही’ कमी होतं आणि एरवी गप्प राहणारी मुलं बोलतात. तीन सेकंद म्हणजे काहीच नाही असं वाटतं. वर्गासमोर उभं राहून मोजून बघा. मी मनात ‘एक लाट, दोन लाट, तीन लाट’ मोजते. मनातल्या मनात मालवणीतून वाक्य जुळवून ते मराठीत आणायला मुलाला तेवढा वेळ लागतोच.

माठाचा प्रश्न मी अजून दर वर्षी घेते. वर्गाच्या खिडकीत दोन तापमापी टांगलेल्या आहेत. एकीच्या फुग्याला ओला सुती धागा गुंडाळलेला आहे, त्याचं टोक पाण्याच्या वाटीत. दुसरी कोरडी. आळीपाळीने मुलं रोज दुपारी दोन्ही वाचून भिंतीवरच्या तक्त्यात लिहितात. मार्चमध्ये दोघींत चार-पाच अंशांचा फरक असतो. जुलैत पावसाची झड लागली की जेमतेम एक. फरक कमी म्हणजे हवा ओली, ओल्या हवेत वाफ कमी, मग माठ काय करणार, हे त्या तक्त्यावरून आठवीची मुलंसुद्धा वाचतात. उत्तर लिहिताना मी त्यांना एक वाक्य जास्तीचं लिहायला सांगते : ‘हवा दमट असेल तर हा परिणाम कमी होतो.’ उत्तरसूचीत ते नसेल कदाचित. पण ते लिहिल्याने गुण जात नाहीत, आणि आपल्या घरातला माठ खोटा ठरत नाही.

तिथीचा हिशोब करणारा मुलगा दहावीला बसला, त्या वर्षी विज्ञानाच्या पहिल्या पेपराच्या आदल्या संध्याकाळी मी रस्त्याने येत होते. तो किनाऱ्यावर रापणीच्या दोराच्या गुंडाळ्यावर बसलेला, मांडीवर वहीचं मागचं पान. मला बघून उठला. मी सांगितलं, ‘उद्या वेळेवर ये. अकराला पेपर आहे.’

‘उद्या पौर्णिमा, बाई,’ तो म्हणाला. ‘सवाअकराक पाणी भरतला. पेपर सुटासर उतराक लागतला. मगे रापण ओढूक जातलंय.’